चांगल्या गुडघ्याची पट्टी

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज तुमचा इतका राग येतोय की तुमच्यापाशीच येऊन रडावंसं वाटतं. घाटनांदूरच्या शाळेत कबड्डीच्या सरावात माझा उजवा गुडघा पिळला होता. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचा सामना. मी लंगडत आलो तर तुम्ही खेकसलात, "लंगडू नको बे. समोरच्याला कळलं की त्योच पाय धरतेत." मग घरी नेलंत. तुमच्या बायकोनं, आमच्या खालांनी, चुलीवर हळद गरम केली, ती तुम्ही उजव्या गुडघ्याला लावलीत, आणि कपाटातून स्वतःची पट्टी काढून माझ्या डाव्या, धडधाकट गुडघ्याला बांधायला बसलात. "सर, दुखतंय ते उजवं हाय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्हणून तर. त्येंना डावा धरू दे." दुसऱ्या दिवशी तिघांनी माझा डावा पाय धरला आणि मी तिघांना ओढत मधल्या रेषेपर्यंत आलो. पट्टी तुम्ही मलाच देऊन टाकलीत.

पुढं नऊ वर्षं मी तेच केलं. निवड समितीला, डॉक्टरांना, बायकोलासुद्धा डावाच गुडघा दाखवला. तुमच्या जनाज्याला खांदा दिला तेव्हाही दात दाबून सरळ चाललो. सव्विसाव्या वर्षी उजवा पाय भर मैदानात बसला, तो कायमचा. आता मांजरसुंब्याच्या ढाब्यावर खुर्चीत बसून कांदे चिरतो. मांडी घालता येत नाही, जिना कठडा धरून एकेक पायरी चढतो. तरी ही युक्ती मी लेकीला मोठ्या कौतुकानं सांगत आलो.

आज तिची राज्याच्या संघासाठी निवड आहे. सकाळी ती डाव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती आणि मला तिचा उजवा दिसला, सुजून टम्म झालेला.

"कदीपासून?"

"पंदरा दिस झाले. आईला सांगू नका."

"आधी डॉक्टरकडं चल."

"ते बसवून ठेवतेत, पप्पा. तुमी न्हाई का खेळलात नऊ वर्षं?"

थांबवलं तर ती जन्मभर माझं तोंड बघणार नाही. खेळू दिलं तर माझी खुर्ची तिची होईल. सर, माझा गुडघा जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं का? एवढं तरी विचारायला हवं होतं.

मैदानाच्या कडेला बसून हे लिहितोय. निवड करणारे दहा पावलांवर टेबल टाकून बसलेत, उठून एक वाक्य बोललं की झालं. पोरी रेषेवर उभ्या राहिल्यात आणि मी अजून बसलोय. हा कागद घडी होऊन खिशात जाईल, तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगतो. सकाळी तिला गाठ नीट बसेना. मग मी वाकलो आणि तिच्या चांगल्या गुडघ्याला ती पट्टी मीच बांधली.