किल्ली फिरली तरी

आई,

हितनंच तुझ्या पाया पडते. मी बरी हाय, वेळेवर जेवते.

ह्या बर्फाच्या गावात दुपारपण सांजेसारखी वाटते. प्रयोगशाळेत पडद्यावर पेशी उजळल्या, की आपल्या हिर्डोशीची भातखाचरं उन्हात लकाकल्यागत दिसतात आणि मी बघतच राहते.

मी काय शोधते, तू विचारलं व्हतंस. उन्हातनं मिळणारं ड जीवनसत्त्व म्हणजे किल्ली, पेशीत तिचं कुलूप. पण किल्ली फिरली तरी आजूबाजूचे बारके रेणू दार कधी पुढं रेटतात, कधी अडवून धरतात. आपल्या गोठ्याचं फुगलेलं दार तू गुडघ्यानं रेटतेस, तसंच.

गुडघा दुखायचा थांबला का? दार आता दादाला रेटू दे.

परवा माझं रक्त तपासलं. ड लई कमी निघालं. अंगणात नाचणी वाळत घातलीस, की माझ्या वाटणीचंपण ऊन खात बस.

तुझी अश्विनी