एडक्याने टाकलेली चौकट

दहिवडी,
भाद्रपद वद्य पंचमी, सन १९४६

तीर्थरूप मानसिंगमामांच्या चरणी मनूचा नमस्कार पोहोचावा.

आपला गुडघा आणि मामींचा खोकला यांपैकी कोणाचा जोर ओसरला ते कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. उजवा गुडघा दोन इंच खरचटला आहे (मोजला आहे म्हणून लिहिते).

डोंगर मेंढरांना बंद करायचा की नाही, हे माझ्या अहवालावर ठरायचे आहे. त्याचा मसुदा गेल्या पंधरवड्यात आपल्या नजरेखालून जंगलखात्याकडे जावा म्हणून आष्ट्याला धाडला. ‘मेंढरे गवताचा नाश करतात, सबब डोंगर बंद करावा’ असे त्यात आहे आणि पुरावा म्हणून आपण नोकरीत असताना जातीने उभे राहून तारेचे कुंपण घातलेला तुकडा दाखवला आहे. दोन वर्षांत तिथले गवत माझ्या कमरेला लागले. खालून पाहिले की फार समाधान वाटते. मोजणीची रीत आपल्याला ठाऊक आहेच: तीन फूट लांब-रुंद लाकडी चौकट, आत सुतळीची घरे, ती पाठमोरे होऊन टाकायची (जागा आपण निवडू नये म्हणून) आणि आत वनस्पतींच्या किती जाती सापडतात ते लिहायचे. मी पाठमोरीच टाकत असे. मात्र कुंपणाबाहेर टाकताना नेमकी पाणवठ्याच्या वाटेवर उभी असे (तिथे पाय घसरत नाही). वाटेवर खुरांखाली काही उरत नाही. हे माझ्या लक्षात आले नव्हते असे लिहिले, तर ते निम्मेच खरे होईल.

मंगळवारी सकाळी चौकट भुईवर ठेवून मी पेन्सिलीला टोक काढत होते. तेवढ्यात धुळा धनगराच्या कळपातला एडका आला, त्याने चौकटीत तोंड घातले आणि मान वर केली. सुतळी शिंगांत गुंतली. मग तो भिंतीवरच्या तसबिरीसारखा, चौकटीतून पाहत, इतक्या रुबाबात निघाला की मीच बाजूला झाले. भानावर येऊन मागे धावले आणि पडले (गुडघा). धुळाची बायको भामाबाई मागून सावकाश आली. म्हणाली, “बाई, धावू नगासा. तुमी धावला की त्यो बी धावतोय. त्याला सरकारी काम मिळाल्यावानी वाटतंय, वाटू द्या.”

दोन तास आम्ही त्याच्यामागे चाललो. कळप एका उतरणीवर दोन दिवस का थांबत नाही, ते मी विचारले. “तोंड लावलं की फुडं जायचं. गवताला बी दम खाऊ द्यावा लागतोय.” काठीने दाखवत ती सांगत होती: ही उतरण आठ दिवसांनी, ती पलीकडची दसऱ्यानंतर. तिच्या सासूच्या सासूपासून हाच क्रम आहे. वाटेत आपले कुंपण लागले. त्या कोंडवाड्यात काय कोंडलंय, असे तिने विचारले. गवत, मी म्हटले. तिने काठीने तार वाजवून पाहिली. “मग त्येचा गुन्हा काय?” या प्रश्नासाठी अहवालात रकाना नाही.

पुढच्या उतरणीवर एडक्याने मान झटकली आणि चौकट पडली. ती जागा मी निवडली नव्हती, एडक्यानेही नव्हती. नियम तो नियम, म्हणून मी बसले. गवत वीतभर कुरतडलेले, त्यामुळे ऊन थेट मातीपर्यंत उतरलेले. त्या उन्हात विष्णुक्रांतेची गुंडीएवढी निळी फुले, रानमूग, बरबडा, खुराच्या ठशात रुजलेले कोंब, लेंडीच्या कडेला उगवलेले आणखी काही. सत्तावीस जाती. पुन्हा मोजल्या, सत्तावीसच. कुंपणातल्या चौकटीत नऊ होत्या, आणि त्यांतल्या सहा आडव्या पडलेल्या कुसळी गवताखाली पिवळ्या पडून गुदमरत होत्या. सत्तावीसपैकी पाचांची नावे मला येत नव्हती. भामाबाईला आली, कोणता पाला मेंढरू आधी खाते आणि कोणता पोट बिघडल्यावर शोधते, तेही. समोर उतरणीमागून उतरण पसरली होती आणि तीन-साडेतीनशे मेंढरे ती खाता खाता पेरत चालली होती. अशा किती चौकटी या डोंगरावर बसतील याचा गुणाकार मी मांडला आणि अर्धवट सोडला. असे माझ्या हातून पूर्वी झालेले नाही. बराच वेळ मी उठले नाही. गुडघा दुखत होता, हे एक कारण.

एका चौकटीवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून आणखी नऊ टाकल्या. सरासरी चोवीस. माझी नोकरी कच्ची आहे आणि वरच्यांना डोंगर बंद व्हायला हवा आहे, हे मला माहीत आहे. काळजी नसावी.

मामींना नमस्कार सांगावा.

आपली भाची
मनू

ता. क. मसुदा अजून घरीच असेल तर मामींना बंबात घालायला द्यावा. चूक माझी आहे. कुंपणाची तार उत्तम प्रतीची आहे, तिला काही झालेले नाही.

ता. क. दुसरा. आपण तो पुढे धाडलाच असेल या भीतीने ‘पहिला मसुदा रद्द समजावा, डोंगर खुला ठेवावा’ अशी तार मी खात्याला कालच केली. आपली संमती आली की ती आधी घेतली होती असे धरते.

ता. क. तिसरा. नव्या अहवालात ‘चौकट टाकणाराचे नाव, हुद्दा व अनुभव’ असा रकाना आहे. पुढच्या नऊ वेळाही मी ती शिंगांत अडकवूनच टाकवून घेतली, त्यामुळे खोटे लिहिता येत नाही. भामाबाईला विचारून भरले आहे: सरदार, कळपाचा एडका, याच डोंगरावर सहा वर्षे.