फोनवरची रात्रपाळी

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिलेलं चूक आहे. 'साहेबांनी माझं नाव रात्रपाळीतून काढलं' असं लिहिलं. काढलं नाही. ते कधी घातलंच नव्हतं! रागात लिहायला बसलं की असं होतं.

नीट लिहिते. कंट्रोल रूमच्या प्रमुखाची जागा भरायची आहे, आणि तिन्ही पाळ्या केलेल्यालाच ती मिळणार. आमच्या कारखान्यात तांदळाच्या कणीपासून इथेनॉल करतात. तिथं केमिकलची एम.टेक. मी एकटी. चार वर्षं काय केलं? दिवसपाळी आणि रिपोर्ट. रात्रपाळीची बस फक्त कॉलनीतून निघते. कॉलनीत क्वार्टर फक्त बाहेरून आलेल्यांना — "तुमचं तर घर इथंच आहे." म्हणजे क्वार्टर नाही म्हणून बस नाही, बस नाही म्हणून रात्रपाळी नाही. आणि हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यांसमोरून बाई रात्री स्कूटीवर कशी येणार, हे साहेबच मला विचारतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल मध्यरात्रीनंतर पुन्हा विवेकचा फोन. विवेक भिलाईचा, दोन वर्षांपूर्वी आला. कंट्रोल रूमचं पॅनल त्याला मीच शिकवलं. "दीदी, कॉलम का प्रेशर झूल रहा है, क्या करूँ?" इथेनॉल वेगळं करणाऱ्या कॉलममधला दाब वरखाली होत होता. मी अंथरुणात बसून सांगत होते — स्टीम कमी कर, हळू, आता थांब, हात लावू नको.

सकाळी साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझं नाव त्याने घेतलं नाही. माणूस वाईट नाही, हेही लिहायला हवं. घाबरला असेल.

आई भांडी घासताना, "अर्ध्या राती कोनासंग बोलून राहिली होतीस?"

कारखान्यासंग, म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

ललिताकडे गेले. विवेकची बायको. तीही एम.टेक.! पण नवरा-बायको एकाच कारखान्यात चालत नाहीत, म्हणून कॉलनीतल्या मुलांची ट्यूशन घेते. चहा ओतताना म्हणाली, "तेरे पास नौकरी है, मेरे पास क्वार्टर. दोनों जोड़ दो तो एक विवेक बनता है."

खूप हसलो. मग तिनेच सुचवलं, रात्रपाळी असेल तेव्हा तिच्याकडून जा. बस तिच्या दारातच थांबते. इतकं सोपं होतं?

१० नोव्हेंबर, सोमवार

साहेबांना सांगितलं. म्हणाले, आधी वडिलांची परवानगी आणा. मी एकोणतीस वर्षांची आहे. विवेकने आणली होती का, हे विचारायचं मला सुचलं — जिना उतरताना!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांशी बोलायला तीन दिवस घेतले. भीती कसली होती, तेच कळत नव्हतं. बाबांनी स्वतः गोंदियाच्या राइस मिलमध्ये बॉयलरवर आयुष्यभर रात्रपाळी केली. आकडे मी शाळेच्या आधी त्या बॉयलरच्या गेजवर शिकले. काटा कुठं आला की धान उसनतं, म्हणजे उकडून निघतं, कुठं गेला की पळायचं. ते नाही म्हणणार नाहीत, असं धरूनच चालले होते.

"मी तं तवाच सांगून आलो होतो तुया सायबाइले," बाबा म्हणाले. "तू लागली तवा. पोरगी रातपाळी करनार नाही म्हनून."

चार वर्षं! म्हणजे मंगळवारची दुरुस्तीसुद्धा अर्धीच. नाव घालू दिलं नाही ते बाबांनी.

काऊन, विचारलं.

"रातचा मानूस कसा असते, मले मालूम आहे."

"मंग रातचा फोन येते, तवा?"

ते उठून अंगणात वाळत घातलेलं धान पसरायला लागले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रमुखाची जागा विवेकला मिळाली. सोमवारपासून तो दिवसपाळीत. रात्री कोरब्याहून आलेला नवा मुलगा बसणार. विवेकने त्याला माझा नंबर देऊन ठेवला आहे.

गेट पास नीट वाचला. त्यावर वेळ लिहिलेली नाही, म्हणजे रात्रीही चालतो. सोमवारी, १७ नोव्हेंबरला, ललिताच्या दारातून रात्रपाळीची बस पकडणार आणि पॅनलवर बसणार. फोन घरी, बाबांच्या उशाशी. वाजला तर त्यांनीच सांगावं — पोरगी कामावर गेली आहे.