गिरमिट दाजींच्या हातात

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून दाजींवर जळतो. ताईच्या नवऱ्यावर जळावं असं त्यांच्याकडे काही नाही. टक्कल पडलंय, गुडघे दुखतात. पण धरणाच्या पाण्यावर, भर नावेत तुम्ही त्यांना गाढव म्हणालात, ते मला आजही पचलेलं नाही.

नव्वद साल उलटून गेलं होतं. पलीकडच्या गावांची माणसं कळमनुरीच्या बाजारासाठी अलीकडे आणणारी ती मोठी नाव, तिची काठाची फळी कुजली होती. नाव ओढून बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, म्हणून पाण्यावरच नवी फळी बसवायची होती. तुम्ही सुतारकामाच्या पेटीतून गिरमिट काढलंत, हातानं पिळून भोक पाडायचं ते. मी तेव्हा आयटीआय करून वारंगा फाट्यावर मोटारदुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो. स्वतःचं ड्रिल मशीन आणि मालकाचा छोटा जनरेटर घेऊन मी ऐटीत नावेत चढलो. आता तुम्ही शिव्या घालणार, याची मला खात्री होती. आपलं बोलणं लहानपणापासून शिव्यांतच चालायचं. "अरे रेड्या, रंधा उलटा धरून राहिला," "अरे, लाकूड हाय ते, भाकर न्हाई." मी कान टवकारून उभा होतो. तुम्ही गिरमिट खाली ठेवलंत, सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "तुमी करा. मशीनचं आमाला काय कळतंय."

मला तुमी. आपल्या घरात तुमी म्हणतात ते जावयाला, नाहीतर तलाठ्याला.

मी माझ्या टोकाला भोकं पाडतोय, जनरेटर थडथडतोय, नाव हलतेय. दुसऱ्या टोकाला दाजी रिकामे बसलेत. लग्न झाल्यापासून तुम्ही त्यांना "पाव्हणे, तुमी सावलीत बसा" यापलीकडे काही म्हटलेलं नाही. बसून कंटाळा आला म्हणून ते गिरमिट उचलतात आणि फळीला लावतात. दोन पिळे होतात न होतात तोच जनरेटरच्या वरताण तुमचा आवाज येतो, "अरे गाढवा, तिरकं काहून चाललं? छाती लाव नं वरून."

जावयाला गाढव म्हणालात, आबा. माझा हात थांबला. तुम्हीही क्षणभर चपापलात. दाजी मात्र हसले, "व्हय आबा," म्हणाले आणि छाती लावली. मग दिवसभर तुमचं अरे-अरे चालू राहिलं. शेवटी मी एक भोक मुद्दाम वाकडं पाडलं. तुम्ही येऊन पाहिलंत, बोट फिरवलंत. "ऱ्हाऊ द्या, होतं असं," म्हणालात आणि पुन्हा दाजींपाशी जाऊन बसलात. माझं काम अर्ध्या वेळात उरकलं होतं. फळी दोन्हीकडून चांगली बसली आणि नाव कुठूनही गळली नाही, त्यामुळे मला भांडायलाही जागा राहिली नाही.

त्यानंतर घरात असंच राहिलं. मला तुमी, दाजींना अरे. आई म्हणायची, कमावत्या पोराचा मान ठेवतात ते. असेल. मला तो मान नको होता.

तुमच्या शेवटच्या दिवसांत एका दुपारी तुम्ही डोळे मिटून पडला होतात. अचानक म्हणालात, "अरे, इकडं ये." दाजी आणि मी, दोघंही उठलो. तुमचे डोळे मिटलेलेच होते. दाजी थांबले, "तुमी जा," म्हणाले मला. त्यांचा हा मोठेपणासुद्धा मला खुपतो. मी तुमचा हात हातात घेऊन बसलो. तुम्ही पुढं काही बोलला नाहीत.

ती हाक कुणाला होती, एवढंच विचारायला हे लिहायला बसलो. पण खरं सांगू का, हे पाठवायला पत्ता नाही, याचं मला बरंच वाटतंय. तुम्ही खरं उत्तर दिलं असतंत.