जांभळा गोमेद

मी, मार्था एलिया उजागरे, वय वर्षे एकसष्ट, धर्म ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार केडगाव, तालुका नगर, जिल्हा अहमदनगर, आज मंगळवार दिनांक १६ डिसेंबर १९४७ रोजी हा कागद स्वतःच्या हाताने लिहावयास घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे कुरकुरतात, पण मृत्युपत्र काही गुडघ्यांनी लिहायचे नसते. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भरीस पाडलेले नाही; मला भरीस पाडणे किती अवघड आहे हे सगळ्या केडगावाला ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी.

कलम पहिले. केडगाव येथील दोन खोल्यांचे कौलारू घर, पुढची ओसरी, मागचे न्हाणीघर आणि दारातला लिंब, हे सर्व माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचे असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. ते माझ्या मरणानंतर माझा सख्खा धाकटा भाऊ शमुवेल एलिया उजागरे, सध्या राहणार घोडेगाव, तालुका नेवासे, याला मिळावे. मला भाऊ आहे हे ऐकून बरेच जण चकित होतील. अठ्ठावीस वर्षांत मी त्याचे नाव कोणापुढे काढलेले नाही. का, ते कलम चारमध्ये लिहिते. तोवर धीर धरावा.

कलम दुसरे. शिवणाचे यंत्र कृपाला द्यावे. कृपा शेजारी राहते, माझ्यानंतर माझाच वर्ग शिकवते, आणि माझ्या पायांनी संप केला तेव्हापासून रोज मला दूध तापवून देते. यंत्राला दर शनिवारी तेल घालावे आणि ते कोणालाही उसने देऊ नये. पोस्टातल्या पुस्तकात जे निघेल त्यातून माझी माती करावी, उरेल त्याच्या शाळेतल्या मुलींना पाट्या घ्याव्यात. या कागदाची अंमलबजावणीही कृपानेच करावी.

कलम तिसरे. आमच्या चर्चच्या मंडळीतील वडीलधारे यशया मास्तर यांनी सन १९३१ च्या पावसाळ्यात माझी छत्री नेली. ती मी त्यांना आता रीतसर बक्षीस देत आहे, म्हणजे त्यांच्या माथ्यावर चोरीचे पाप नको. त्यांचे एक वाक्य मात्र मी त्यांना परत करते. मी शमुवेलला घराबाहेर काढले त्या दिवशी ते म्हणाले होते, "मार्थाबाई, दार लावलंत ते बरं केलंत." त्या वाक्याला टेकून मी पुष्कळ वर्षे काढली. यशया मास्तरांचा यात दोष थोडा आहे. टेकणारी मी होते.

कलम चौथे. आई शमुवेलला जन्म देऊन आठव्या दिवशी गेली. मी तेव्हा चौदा वर्षांची. वडील उपदेशक, गावोगाव फिरत, त्यामुळे त्याला मीच वाढवला. जेवताना तो फार छळायचा. त्यावर मी तोड काढली होती, घासाला एक रत्न. स्वर्गातल्या नगरीच्या तटाला बारा पाये आहेत आणि प्रत्येक पाया एकेका रत्नाचा आहे, असे शास्त्रात आम्हांला शिकवलेले. बारा नावे म्हणेपर्यंत बारा घास पोटात जायचे.

पण पोरगे नुसत्या नावांवर भागेना. "आक्का, गोमेद कसला असतो? रंग सांग ना."

मला काय ठाऊक? आजूबाजूच्या हिंदू घरांत जोशीबुवा यायचे, कोणत्या ग्रहाला कोणता खडा ते सांगायचे. तिथल्या शेंबड्या पोरालाही गोमेद मधाच्या रंगाचा आणि पुष्कराज पिवळा हे माहीत होते. आमच्या घरात जोशी उंबऱ्याशी फिरकत नव्हता, आणि दागिना म्हणाल तर आईच्या बोटात साधी अंगठीसुद्धा नव्हती. 'ठाऊक नाही' म्हणायला माझी जीभ तेव्हाही वळत नसे. मग दारातून जे दिसेल ते मी सांगून टाकले. परसात वांगी फुलली होती म्हणून गोमेद जांभळा. पलीकडे हरभरा होता म्हणून पुष्कराज घाट्याच्या हिरव्या रंगाचा. अकराव्या रत्नाचे नाव याकीनाथ; तो कानिफनाथाचा आणि गहिनीनाथाचा भाऊ असणार हे शमुवेलने स्वतःच ठरवले, तेव्हा तो आपोआप भगवा झाला.

अशी आमची ती नगरी. दिवेलागणीला तो माझ्या मांडीवर डोके ठेवून डोळे मिटायचा आणि आम्ही दोघे तिच्यात हिंडायचो. जांभळ्या पायरीवर बसायचो, हिरव्या भिंतीवरून हात फिरवायचो. तिथे ऊन लागत नसे, कोणाची आई मेलेली नसे. पुढे मी शिक्षिका झाले, तीस वर्षे मुलींकडून ती बारा नावे पाठ करून घेतली, पण ते रंग कोणाला सांगितले नाहीत. ते आमच्या दोघांचेच राहिले.

त्याने उपदेशक व्हावे असे मी ठरवले होते. त्याला विचारायचे मात्र राहून गेले. १९१९ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो शिक्षण सोडून घरी आला आणि म्हणाला, "आक्का, म्या गुजरातेत खंबायतेला चाललो. अकीक घासायचं काम शिकायला." मी त्याला सांगितले की बायकांच्या गळ्यातले खडे घासणाऱ्याला या घरात जागा नाही, मी मरेपर्यंत इकडे पाऊल टाकू नकोस. आणि दार लावले. तो दुपारपर्यंत लिंबाखाली उभा होता. मी आतून कडीवर हात ठेवून उभी होते. मग त्याच्या वहाणांचा आवाज आला. त्याची दोन कार्डे आली, दोन्हींना मी उत्तर दिले नाही.

आता सोनईची गोष्ट. सोनईच्या शाळेत मी चार वर्षे होते, तेव्हा साळूबाई ही मोठ्या बागायतदाराची मुलगी माझ्याकडे शिकली. ती गावातच दिली. १९४२ च्या संक्रांतीला तिने मला आग्रहाने बोलावले. ती म्हणाली, "बाई, तुमी कुकू लावत न्हाई ते मला ठावं हाय. तिळगूळ खावा अन् आमच्या हिरीतली जादू बगून जावा."

आदल्या उन्हाळ्यात त्यांनी विहीर खोल करायला सुरुंग लावला, तेव्हा खडकाच्या पोटात रंगीत स्फटिकांचे कप्पे लागले होते. साळूबाईच्या धाकट्या दिराने, बन्सीने, ते दगड एका कारागिराकडे पोचवले आणि साळूबाईने त्याला घाट कळवले होते. तिचे म्हणणे, आमच्या शेतात निघालेल्या दगडांना आमच्याच शेतातल्या दाण्यांचे घाट हवेत, कुठे जोंधळा, कुठे तूर, कुठे करडई.

माजघरात दहा-बारा बायका बसल्या होत्या. दक्षिणेची खिडकी उघडी होती. साळूबाईने शाळेतली काळी पाटी मध्ये ठेवली आणि तिच्यावरचे फडके उचलले. बारा खडे तीन ओळींत मांडले होते. कवडसा त्यांच्यात शिरला आणि पांढऱ्या भिंतीवर रंग सांडले, जांभळे, हिरवे, केशरी, कोणाच्या लुगड्यावर, कोणाच्या गालावर. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती फार लांबून ऐकू आल्यासारखी वाटली. मला वाटले, ही जागा मी पाहिलेली आहे. इथे मी कोणाचा तरी हात धरून हिंडलेली आहे.

प्रत्येक खड्याखाली कारागिराने नावाची चिठ्ठी लावली होती. एकीने एक चिठ्ठी वाचली आणि हसत सुटली. "अगं बया, जोंधळ्याच्या घाटाचा जांभळा खडा, अन् म्हनं गोमेद! कारागीर येडा हाय का काय?"

"अन् पुष्कराज हिरवा! ह्याला कुनी शिकवलं?" दुसरी म्हणाली.

मी भगव्या खड्याखालची चिठ्ठी पाहिली. याकीनाथ. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत सगळे क्रमाने मांडलेले होते. माझ्या हातातला तिळगूळ खाली पडला. जगात दोनच माणसांना ते रंग ठाऊक होते आणि त्यांतली एक मी होते.

साळूबाई वाण म्हणून एकेक खडा वाटू लागली, तेव्हा त्या जांभळ्याला कोणी हात लावीना. खोट्या नावाचा खडा राहूला चालायचा नाही म्हणे. मी म्हटले, "तो मला दे." आयुष्यात मी मागितलेला हा एकच दागिना. निघताना बन्सीला विचारले, कारागीर कुठला? तो म्हणाला, "घोडेगावचा हाय, बाजारतळाच्या कडंला. एकलाच ऱ्हातो. लई कमी बोलतो, बाई."

त्यानंतर मी दोनदा घोडेगावला गेले. दोन्ही वेळा बाजाराचा दिवस गाठला, म्हणजे गर्दीत लपता येईल. विकायला आलेल्या बैलांच्या रांगेआडून पाहिले. तो साणेवर वाकून बसला होता. केस पिकले आहेत, मानेवरचा भोवरा तोच आहे. दोन्ही वेळा मी दहा पावलांवरून परत फिरले. मला लाज वाटली. ज्या पोराला मी रंग दिले त्यालाच मी रंगांपायी हाकलले होते, हे त्याच्या तोंडावर कबूल करायची छाती झाली नाही. त्याला सहा वर्षे होत आली.

कलम पाचवे. जांभळा खडा साखरेच्या डब्यात, तळाशी, चिंधीत बांधलेला आहे. तो कृपाला मिळावा. तिने रविवारच्या वर्गात तो मुलींना दाखवावा आणि स्पष्ट सांगावे की हा गोमेद नाही, आणि हे खोटे मार्थाबाईंनी रचले. मग खिडकीशी धरून त्यांना त्यातून बघू द्यावे.

कलम सहावे. शमुवेलने मला क्षमा करावी अशी माझी इच्छा आहे. इच्छापत्रात इच्छा लिहिलेली चालते असे मी समजते.

एवढे लिहून काल दिवसभर कागद उघडा ठेवला. आज पुन्हा वाचला. क्षमा मागायची आणि माणूस मेल्यावर पाकीट फोडायचे, ही कसली रीत? कोणी क्षमा केली तरी ती मला पोचणार कशी? शिवाय सही करायला दोन साक्षीदार लागतात, आणि ते केडगावातच असले पाहिजेत असे काही नाही. उद्या शुक्रवार, घोडेगावचा बाजार. सकाळच्या सर्व्हिस मोटारीने जाते. खडा बरोबर घेते.

कलम सातवे, घोडेगाव येथे लिहिलेले. पत्र्याच्या छपराखाली तो बसला होता. लाखेच्या दांडीवर खडा चिकटवून साणेला लावला होता. मी समोर उभी राहिले. विळ्याला धार लावायला कोणी आले असेल असे त्याला वाटले. मान वर न करता म्हणाला, "थांबा वाईच."

मी म्हटले, "गोमेद कसला असतो?"

साण फिरत फिरत थांबली. तो म्हणाला, "जांभळा."

मी चिंधी सोडून खडा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितले, ते सगळे मी मनाचे सांगितले होते शमुवेल, मला एकही रंग ठाऊक नव्हता.

"ते मला खंबायतेला पयल्याच दिशी कळलं, आक्का. उस्तादाला म्हनालो गोमेद जांभळा असतो, तर समदा कारखाना हासला."

"मग ठाऊक असून चुकीच्या चिठ्ठ्या का लावल्यास?"

"खऱ्या लावल्या असत्या तर तू वळखलं असतंस व्हय? साळूबाई तुज्याकडं शिकल्याली, हे बन्सीनं सांगितलं. तिला म्या सांगावा धाडला हुता, तुमच्या शाळंच्या बाईंला बोलवा म्हनून. त्या दिसापास्नं वाट बगतोय."

मी रडले. भर बाजारात, बैलांच्या देखत, हे लिहून ठेवते. मी त्याला विचारले, इतकी वर्षे इथवर आला होतास तर केडगाव काय लांब होते, तूच का आला नाहीस?

तो म्हणाला, "तू मरंस्तवर येऊ नगं म्हनली हुतीस. म्या तुजं आजून एक बी मोडलं न्हाई."

त्यानंतर मी त्याला कलम पहिले वाचून दाखवले. ते ऐकून तो उठला आणि लगेच केडगावला निघायचे असल्यासारखी छपराच्या आढ्याला टांगलेली पिशवी काढू लागला. म्हणून कलम पहिल्यातले 'माझ्या मरणानंतर' हे शब्द मी खोडले आहेत आणि वर 'आजपासून' असे लिहिले आहे. मृत्युपत्रात हा शब्द बसत नाही हे मला कळते. वकील हसतील. हसू देत. खाडाखोड माझ्या हातची आहे, राजीखुशीची आहे, आणि तिच्याखाली माझी वेगळी सही आहे.

वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

(सही) मार्था एलिया उजागरे

साक्षीदार:
१. (सही) बन्सी, राहणार सोनई. बैल विकायला आलो होतो, म्हणून हजर.
२. (निशाणी डावा अंगठा) कानिफनाथ, चहाचे दुकान, बाजारतळ, घोडेगाव. याने दोघांना चहा पाजला, बाईंनी निम्मा सांडला.

स्थळ: केडगाव (खोडले) घोडेगाव
दिनांक: १९ डिसेंबर १९४७, शुक्रवार. परतीची मोटार साडेचारची, तिकिटे दोन.