शेवीचा नकाशा

१४ जाने. ५६
संक्रांत. नागपूरहून मागवलेला लाकडी नकाशा नातीला दिला. हिंदुस्थानचे तुकडे, जुळवायचे. सदू म्हणे, "बाबा, पोरीच्या जातीले हे कायले? बांगड्या आनाच्या होत्या." बापच असा! शेवीने माझा चहा संपायच्या आत जुळवला. वर म्हणते, "सोपा हाये, आबाजी. आखीन कठीन आना." वा गं पठ्ठी! तीस वर्षं मास्तरकी केली, असं पोर पाहिलं नाही.

२० मार्च
भिंग आलं. होळीला देणार. शेवीला ताप.

२२ मार्च
अंगभर फोड. देवी. माझ्या म्हातारीने दाराला निंब बांधला, फोडणी बंद. डोळे चिकटलेत. मी म्हटलं, अर्जुनीच्या डाक्तरला आणतो, निदान डोळे तरी धुऊ. म्हातारी आडवी आली, "माता हाये तवर पानी लावाचं नाही." सदूही तेच. घातलेल्या वहाणा काढून ठेवल्या.

५ एप्रिल
आज आंघोळ घातली. माता गेली. भर दुपारी अंगणात बसवलं तर शेवी म्हणाली, "आबाजी, दिवा काऊन नाही लावत?"


१७ जुलै
धानाची रोवणी सुरू, सगळे शेतात. घरात आम्ही दोघंच. शेवीने नकाशा मागितला. हरवला म्हणालो. "माळ्यावर हाये. मांजर गेली का खडखडते." काढून दिला. बोटांनी चाचपत एकेक बसवला. बंगाल दोनदा चुकला, मग बसला. "आता जमला कठीन," म्हणून हसली. मी गोठ्यामागे जाऊन पोटभर रडलो.

३ नोव्हें.
पेपर वाचून दाखवला. आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. शेवी तडक, "मंग माझा नकाशा चुकला. आपला तुकडा कापा." सुताराकडून मध्यप्रदेशातून विदर्भ कापून घेतला. एवढासा तुकडा. कडा तिने स्वतः घासल्या.

९ डिसें.
नागपूरला आंधळ्यांची शाळा आहे, बोटांनी वाचायला शिकवतात. मुलींनाही घेतात. जाऊन विचारून आलो. घरात आग लागली! म्हातारी, "माह्या जिवंतपनी नाही." सदू, "डोळस असती तरी धाडली नसती." शेवीची आई नुसती चुलीपुढं बसून. मी पण ओरडलो. खरं तर मलाच कुठं सोसणार आहे? ती गेली तर या घरात मी कुणाशी बोलू?

११ डिसें.
शेवीने हळूच विचारलं, "तेथचं कठीन रायते का?"
"लई."
"मंग जाईन."

१५ डिसें.
सोमवारी गाडी. सदू हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. धानाच्या बांध्यांत जाऊन बसतो. म्हातारी जेवली नाही. शेवीच्या आईने मात्र कुणाला न विचारता दोन लुगडी फाडून पोरीचे परकर शिवलेत.
शेवीने नकाशा माझ्यापुढे ओतला. "हा तुमाले. मी गेल्यावर रोज लावा. डोळे मिटून. उघडाल तर मले समजंल."
बसलो डोळे मिटून. ती शेजारी, माझ्या हातावर हात. मद्रास बसला, पंजाब बसला. आपला तुकडा मुठीत धरून राहिलो, कुठं ठेवायचा ते सापडेना.
"घाई नोका करू, आबाजी," म्हणाली.