सुमनचा श्वास, माझी लॉगशीट

२ एप्रिल
आज पहिला शेक व्हायचा होता. झाला नाही.
बायकोच्या कानाखालच्या गाठीचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, वाटलं सुटलो. तर आता तीस दिवस रेडिएशन. दवाखान्यात सगळे त्याला शेकच म्हणतात. डोकं केसभर हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क घालतात आणि तो टेबलाला चापांनी पक्का करतात. चौथा चाप लागला आणि सुमन पाय झाडायला लागली. काढावा लागला. बाहेर आली तेव्हा गालावर जाळीचे वळ. घरी आल्यावर एकच वाक्य, "मले जितेपणी गाडून राहिले असं वाटलं जी."
डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे थांबतो. त्यापुढे उशीर झाला तर ऑपरेशन करून काय उपयोग.
धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, नागपूरच्या बाया मे महिन्यात तोंडाला ओढणी गुंडाळून गावभर फिरतात, तुला मास्कचं काय एवढं? तिनं ताट वाढलं, पण आदळून.

३ एप्रिल
डॉक्टरांनी रामदासपेठेतल्या त्याच दवाखान्यात, तळमजल्यावर, समुपदेशक मेघा मॅडमकडे पाठवलं. आमच्या मुलीएवढी. मला वाटलं गोळ्या देईल. तिनं चटई दिली आणि रंगीत खडू. आधी शवासन, हात पोटावर, श्वास नुसता बघायचा. मग उठून तो जसा गेला तशी कागदावर रेघ काढायची. चित्र नाही, रेघ.
मी म्हटलं, "मॅडम, मला चित्रकला येत नाही."
"काका, मी काकूंना सांगितलं."
तरी मलाही कागद दिलाच. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं तासातासाला लॉगशीट भरली, माझी रेघ अगदी सरळ. सु.ची कोंबडीनं उकरल्यासारखी.

५ एप्रिल
घरी कालपासून सुरू. सकाळी बुद्धवंदना झाली की हॉलमध्ये चटई, सु.च्या तोंडावर ओढणी, मी शेजारी घड्याळ घेऊन. व्यवस्थित तक्ता आखला. वेळ, मिनिटाला श्वास, ओढणी किती वेळ टिकली. काल चाळीस सेकंद, आज पंचावन्न. छान चाललंय.

८ एप्रिल
छान चाललेलं नाही. काल सत्तर सेकंद, आज वीस. ओढणी फेकली. मी म्हटलं, "काल तर चांगलं रीडिंग होतं."
"मी का बॉयलर आहो तुमचा? तुम्ही बाजूले बसून मोजून राहिले, अन् मले वाटते आता काहीतरी फुटते."
मग रडली. मी तक्ता खिशात कोंबून खाली गेलो. राग आला होता, कबूल करतो. करावं तिच्यासाठी आणि वर बोलणी खावीत. टपरीवर दोन चहा प्यालो. दुसऱ्या चहात पटलं की बरोबर तीच आहे. बरोबर असणं ही तिची जुनी खोड.

९ एप्रिल
मेघा मॅडमकडे स्वतःचीच चुगली केली. हसेल वाटलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला कशाची भीती वाटते?"
"मॅडम, पेशंट ही आहे."
"ठीक आहे. सांगू नका, काढा."
अर्धा तास बसलो. आमचा स्वयंपाकघराचा ओटा काढला. गॅस, तवा, मिठाची बरणी, खिडकी. माणूस नाही. पुढे हात चालेना. सु. मागून बघत होती, मला पत्ता नाही. तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि गॅससमोर एक बाई काढली. चांगली भिंतीएवढी, अंबाडा घातलेली.
"मी नसली त पोळी कोण टाकन तुमाले?"
त्या पोरीसमोर रडलो. नोकरीत असा कधी रडलो नव्हतो. फार प्रेम आहे माझं या बाईवर. बोलून कधी दाखवलं नाही, आता इथे लिहितो.

११ एप्रिल
नवा नियम. घड्याळ कपाटात. मीही शेजारी आडवा, माझ्याही तोंडावर ओढणी. आत खरंच गुदमरतं. मला वाटलं होतं ही नाटक करते.
दार उघडं राहिलं होतं. शेजारच्या रंगारीबाई डबा परत करायला आल्या, बघतात तर नवराबायको जमिनीवर सरळ, तोंडं झाकलेली. "अरे बापा!" म्हणून केवढ्यानं ओरडल्या. डबा पडला. सु. ओढणीच्या आतच हसायला लागली, थांबेचना. तोंड झाकलेलं आणि हसतेय! किती वेळ टिकली, नोंद नाही.

१२ एप्रिल
मेघा मॅडमनी परवानगी काढून मास्क खोलीत आणला. सु.नं तो मांडीवर घेतला आणि रंगवला. एक श्वास, एक कडुलिंबाचं पान. घाई नाही. दुपारपर्यंत अर्धा गाल हिरवा. मग आत हात घालून पाहिला. मग नाक. मी काही मोजलं नाही. (जमतं मला.)

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी नेसून विहारात गेली, सगळ्यांत बसली, दमून आली. पाणी पिता पिता म्हणाली, "दवाखान्यात फोन करा. उद्या येतो म्हणा."

१५ एप्रिल
चाप लागले. जाड दार बंद. बाहेर पडद्यावर ती एवढीशी. टेक्निशियन बाई म्हणाल्या, "त्रास झाला तर हात वर करतील, आम्ही थांबवू. तुम्ही बोला माइकवर." चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये माइकवर बोललो. आज कसंबसं, "सुमन, मी इथीच आहो वं."
हात वर आला.
मशीन बंद. बाई आत धावल्या. मला वाटलं, संपलं. परत आल्या त्या हसत. "काकू म्हणतात, त्याईले बसाले खुर्ची द्या. पाय दुखतात त्याईचे."
बसलो. शेक पूर्ण झाला.

१६ एप्रिल
आज हात वर आला तो खुर्चीसाठी नाही. मास्क काढावा लागला. मला वाटलं आता घरी. दहा मिनिटं बाकावर बसली, माझा हात धरून, डोळे मिटून. मग स्वतःच उठली, आत गेली. झाला.
डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलेल, पाणीही झोंबेल. अजून अठ्ठावीस.
ऑटोत विचारलं, "उद्या?"
"उद्याचं उद्या पाहू. रोज हे असंच राहीन, सांगून ठेवतो." मग तीच, "बाजाराकडून घ्या ऑटो. झणझणीत वांग्याची भाजी करतो आज. खाऊन घेऊ जोवर गिळता येते."
वांगी निवडायला तिनं पाव तास लावला. मी पिशवी धरून उन्हात उभा होतो.